जाणारी नळी, येणारी नळी

कॅम्पात बेकरीसमोर गाडी वळवताना वसुधाच्या हातांनी तिचं ऐकलं नाही. झालं एवढंच, पण या एवढ्याशानं तिचे पुढचे आठ दिवस खाल्ले. सकाळचे साडेदहा वाजले होते, पाव आणि खारीची पिशवी शेजारच्या सीटवर होती, रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता, तक्रार करावी असं काही नव्हतं. तिनं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं आणि ते अर्ध्यावर येऊन अडलं, पाण्यात बसलेली म्हैस उठायला कां-कूं करते तसं. तिनं आणखी जोर लावला. ते फिरलं, पण फिरताना तिच्या दंडात कळ उठली आणि कानात कुठंतरी घूंऽऽ असं वाजलं. गाडी रस्त्याला आडवी. एका बाजूनं रिक्षा, दुसऱ्या बाजूनं पोराला शाळेत सोडून परतणारी स्कूटरवरची बाई, आणि दोघांच्या हॉर्नची जुगलबंदी. शेवटी पलीकडच्या छावणीच्या फाटकावरचा एक जवान पळत आला, खिडकीशी वाकला आणि अदबीनं म्हणाला, "माताजी, आप उतरिए, मैं घुमा देता हूँ." त्यानं गाडी वळवून दिली. त्याला जड गेलं नाही, किंवा जड गेलेलं दाखवायची लष्करात रीत नसावी. वर त्यानं सलामही ठोकला. सलामाचं तिला काही वाटलं नाही, माताजी मात्र लागलं. कालपरवापर्यंत ती या गावात मॅडम होती, बाई होती, भाजीवाल्यांची आक्का होती.

टिळकवाडीला घरी परतताना रेल्वे फाटक बंद होतं, तेव्हा तिनं दोन्ही हात मांडीवर घेऊन नीट पाहिले. एकसष्ट वर्षांचे हात. चौतीस वर्षं या उजव्या हातानं फळ्यावर गणित केलं होतं. कंपास न घेता, खांद्यातून एक झोका देऊन, असं वर्तुळ काढायचा हा हात की मागच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा टाळ्या वाजवायची. आणि आता एक स्टिअरिंग फिरवायला माताजींना जवान लागतो. आईचा हात असाच गेला होता. एकदम गेला असता तर कळलं तरी असतं, तो हप्त्याहप्त्यानं गेला. निपाणीच्या घरात आधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तर आई म्हणाली झाकणच बसकं आहे. मग वेणी सैल पडायला लागली, तर म्हणाली वसूचे केसच फार दाट. मग एक दिवस नळावर घागर सुटली, आईच्या पायावर पडता पडता राहिली, आणि आई हसून म्हणाली, मेली घागरच निसरडी. दोन वर्षं सगळ्या जगाचा दोष निघत राहिला, हाताचा तेवढा निघाला नाही, आणि डॉक्टरकडं जाईपर्यंत वेळ गेली. फाटक उघडलं. मागच्यानं हॉर्न दिला. वसुधानं गिअर टाकला आणि मनाशी ठरवलं, आपण आईसारखं करायचं नाही. गाडीला दोष द्यायचा नाही. जे काय चाललंय ते आपल्या हातात चाललंय हे सरळ कबूल करायचं.

गणिताच्या बाईनं एकदा गृहीत धरलं की धरलं. पुढचा आठवडा तिनं सगळ्या गोष्टी त्या गृहीतकाखाली ओळीनं बसवल्या. गाडी वळवताना घूंऽऽ वाजतं, म्हणजे कान गेले. तिनं दोन दिवस कानात तेल घातलं. पोर्चमधून गाडी बाहेर काढताना खांदे भरून येतात, म्हणजे आईचं ते आलंच. तिनं गादीखाली रबरी चेंडू लपवून ठेवला आणि दुपारी दार लावून दाबत बसू लागली. फक्त एक गोष्ट तिच्या शरीरात कुठं बसत नव्हती, ती म्हणजे पोर्चच्या फरशीवर सकाळी सकाळी दिसणारा तांबडा डाग. रुपयाएवढा, कधी दोन रुपयांएवढा, चिकट. त्याचं खापर तिनं दूधवाल्या नागेंद्रवर फोडलं.

"नागेंद्र, गुटखा खायचा तर खा, पण आमच्या पोर्चमध्ये थुंकू नको बाबा."

नागेंद्रनं दुधाच्या पिशव्या छातीशी धरल्या. "अय्यो बाई! देवाशपथ सांगतो, तंबाखू सोडून दोन वर्षं झाली की हो. मगळाच्या डोक्यावर हात ठेवून सोडलोय, पोरीच्या."

"मग हे तांबडं काय आहे?"

"मला काय ठाऊक? जास्वंदीचं असंल."

"जास्वंद अशी पिंक टाकत नाही, नागेंद्र."

दुसऱ्या दिवसापासून तो बिचारा दूध पायरीवर न ठेवता फाटकाच्या बाहेरच अडकवून जाऊ लागला. डाग पडायचा थांबला नाही. वसुधानं मनात म्हटलं, कोडगा दिसतो. खरं तर तिचं लक्ष नागेंद्रकडं नव्हतंच. येत्या रविवारकडं होतं. महिन्यातले दोन रविवार ती निपाणीला बहिणीकडं, जयाआक्काकडं जायची, एकटी, गाडी घेऊन. ही सगळी कथा सव्वादोन वर्षांपूर्वी सुरू झाली, नवऱ्याच्या, रघुवीरच्या डोळ्यांना काचबिंदू झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं की वकीलसाहेब, कोर्ट चालवा, गाडी चालवू नका. चौदा वर्षांची पांढरी गाडी पोर्चमध्ये झाकून ठेवली गेली. पुण्याहून मुलगा चिन्मय म्हणाला, विकून टाका. आणि वसुधा, जिनं आयुष्यात सायकलसुद्धा चढणीला उतरून ढकलली होती, ती म्हणाली, मी शिकते. रघुवीर चष्मा पुसत राहिला. नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. तीन महिन्यांत तिनं लायसन्स काढलं. पहिल्यांदा एकटी काकतीच्या पुढं हायवेला लागली, वंटमुरीचा घाट चढला, संकेश्वर मागं टाकलं, तवंदीचा घाट उतरून निपाणीत शिरली आणि आक्काच्या बोळातलं ते शेवटचं काटकोनी वळण दोन्ही बाजूंना चार-चार बोटं राखून घेतलं, तेव्हा आक्का उंबऱ्यात उभी राहून तोंडावर हात घेऊन बघत होती. आक्काचे गुडघे गेलेले. चार पावलं टाकली की पाचव्याला बसायला पाहिजे. "तुझी गाडी दारात आली तरच माझं पाय घराबाहेर पडत्यात बघ," असं ती म्हणायची, आणि ते अक्षरशः खरं होतं. मग दोघी बहिणी स्तवनिधीला जाऊन, गाडी झाडाखाली लावून, काचा खाली करून भडंग खात बसायच्या. बाकी काही नाही. आईविषयी बोलायच्या, जावांविषयी बोलायच्या, पुष्कळदा काहीच बोलायच्या नाहीत. वसुधाला वाटायचं, निवृत्तीनंतर माणसाला आणखी काय पाहिजे.

एकच खडा होता. या दोन वर्षांत रघुवीर तिच्या गाडीत एकदाही बसला नव्हता. कोर्टात रिक्षानं, लग्नकार्याला कुणाच्या तरी गाडीत. "तू हो पुढं, मला जरा काम आहे." तिनं कधी विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं असं तिला वाटत होतं. त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता. ज्या माणसानं सदतीस वर्षं तिच्या हातचं न चाखता खाल्लं, तो तिच्या हातच्या गाडीत बसायला तयार नव्हता. म्हणून मंगळवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "गाडी विकून टाकूया. माझ्यानं होत नाही आता." म्हणताना तिला वाटलं होतं, तो निदान विचारेल, का गं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाला, "बरं." इतकं पटकन, की जणू हा शब्द दोन वर्षं त्याच्या गालात धरलेला होता. बुधवारी त्यानं कोर्टातल्या कुणाला तरी सांगून गिऱ्हाईकही बघितलं, रविवारी यायचं ठरलं. आणि आक्काचा फोन आला, "येतीस न्हवं गं रविवारी? भडंग करून ठेवलंय." वसुधा म्हणाली, या रविवारी जमत नाही, एक कार्यक्रम आहे. आक्का म्हणाली, बरं. त्या आठवड्यात सगळ्या जगानं तिला बरं म्हणायचं ठरवलेलं दिसत होतं.

गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी जरा धुऊनपुसून, तेलपाणी बघून घ्यावी म्हणून गुरुवारी ती भरमाच्या गॅरेजला गेली. तिसऱ्या रेल्वे फाटकापलीकडं, खानापूर रोडला, पत्र्याची शेड आणि पुढं एक नांदुरकीचं झाड. भरमा पन्नाशीचा, कडोलीकडचा. सकाळी शेतात वैरण कापून मग इकडं येणारा. त्याच्या अंगाला एकाच वेळी गवताचा आणि ग्रीसचा वास यायचा. तिनं त्याला सांगितलं, गाडीला काही झालेलं नाही, मला झालंय, तरी एकदा बघा. भरमानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

"इंजिन चालू करा, बाई. आता स्टेरिंग डावं-उजवं फिरवा बघू."

तिनं खांदे लावून फिरवलं. घूंऽऽ. तिनं हळूच त्याच्याकडं पाहिलं.

"भरमाण्णा, हा आवाज तुम्हालाही येतोय?"

"माझं काय घिऊन बसलाय, आख्ख्या रोडला येतोय की."

वसुधा स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. आयुष्यात इतक्या आनंदानं तिनं कुठलीही गोष्ट ऐकली नव्हती. आवाज बाहेर होता. कानाबाहेर, डोक्याबाहेर, तिच्यापासून चांगला हातभर लांब, पत्र्याच्या आत. भरमानं बॉनेट उघडलं, काळी डबी दाखवली, झाकण फिरवलं. आत तळाला थोडंसं तांबडं तेल आणि त्यावर फेस. "त्याल गळून तळाला गेलंय. पंप त्यालाच्या जागी वारा खातोय, म्हणून बोंबलतोय. आन् त्याल न्हाय म्हटल्यावर स्टेरिंगला मदत कोण करणार? सगळं वजन तुमच्या दंडावर." तेलाचा तांबडा रंग बघून वसुधाच्या डोळ्यांसमोर नागेंद्रचा छातीशी पिशव्या धरलेला, दुखावलेला चेहरा आला आणि तिनं जीभ चावली.

"त्या दोन नळ्या बघा," भरमा म्हणाला. "ही जाणारी. पंपातनं खाली त्याल ढकलती, लई दाबानं. म्हणून जाड हाय, दोन्ही टोकाला लोखंड. आन् ही येणारी. काम करून दमल्यालं त्याल परत डबीत आणून सोडती. हिला दाब न्हाय, म्हणून मऊ, नुस्त्या क्लिपवर बसल्याली. लोकं जाणारीकडंच बघत्यात. पर येणारी मऊ पडून फुगली, क्लिप सैल झाली, तरी वारा घुसतोयच." वसुधा जाणारीच्या जोडावर बोट ठेवायला गेली तसा तो ओरडलाच, "हां हां! इंजिन चालू असताना बोट न्हाय लावायचं. दाबाची बारीक धार कातडीच्या आत घुसती, दिसत सुदीक न्हाय, आन् मग सरळ दवाखाना." त्यानं खिडकीतला कुंद्याच्या मिठाईचा रिकामा खोका घेतला, त्याचं झाकण फाडलं आणि नळीच्या खालून हळूहळू सरकवत नेलं. "फिरवा." तिनं फिरवलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर एका जागी तांबडे ठिपके उठले, गोवराच्या पुरळासारखे. भरमानं इंजिन बंद करायला लावलं आणि टॉर्च आत घातला.

"नळी म्हातारी न्हाय, बाई," तो म्हणाला. "नळी कापल्याली हाय. आन् त्ये मात्र तुमच्याच घरातलं काम दिसतंय."

ती वाकली. जाणाऱ्या नळीभोवती, अगदी अंधारात, तारांचा एक पुंजका होता. बारीक लोखंडी तारा, एकीवर एक पिळलेल्या, काही गंजून तपकिरी, काही अजून चकचकीत. एका तारेला वाळून काडी झालेली मिरची होती, दुसऱ्या तारेला काळाकुळकुळीत बिब्बा, आणि सगळ्यात वरच्या तारेला एक सुरकुतलेलं, वाटाण्याच्या रंगाचं लिंबू. बाजारात अमावास्येला दहा ठिकाणी टांगून विकायला असतं तेच. लोक पुढच्या नंबरप्लेटला बांधतात. इथं कुणीतरी आत, कुणाला दिसणार नाही असं, हाताला जी लागली त्या नळीला बांधलं होतं, आणि दर वेळी जुनं लिंबू ओढून काढून तार तशीच ठेवून नवी तार तिच्यावर पिळली होती. स्टिअरिंग फिरलं की नळी दाबानं टुणकन हलते, हलली की तार रबराला घासते. दोन वर्षं घासत होती.

"मागल्या सर्व्हिसिंगला बघितल्यालं मी," भरमा मान खाजवत म्हणाला. "पर दुसऱ्यानं बांधल्याली दृष्ट आपण सोडू नये म्हणत्यात. म्हणून हात लावला न्हाय. चूक माझीच."

"आमच्यात कोण बांधणार?" वसुधा म्हणाली. "आमच्या घरी हे चालतच नाही, भरमाण्णा." आणि ते खरंच होतं. रघुवीर म्हणजे या विषयातलं नाव. गाडी नवी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवायला आलेल्या माणसाची त्यानं शोरूमच्या दारात पाऊण तास उलटतपासणी घेतली होती. लिंबू चिरडल्यानं अपघात टळतो याला पुरावा काय? टळलेला अपघात तुम्ही पाहिलात का? तो माणूस शेवटी लिंबू खिशात घालून निघून गेला होता आणि वसुधाची आई रुसून दोन दिवस जेवली नव्हती. मग कोण? तिच्या मनात शेजारणी येऊन गेल्या, नागेंद्रसुद्धा येऊन गेला. तोवर भरमा पकडीनं एकेक तार सोडवून तिच्या तळहातावर ठेवत होता, आणि अकरावी का बारावी तार आली तिला एक लाल फीत होती. तार अपुरी पडली म्हणून जोडलेली. सुती, बोटभर रुंदीची, कडेला किंचित विरलेली लाल फीत, अशिलांच्या कागदांचे गठ्ठे बांधतात ती. तिच्या घरात ती फीत खुंटीवर, कपाटात, कधी कधी भाजीच्या जुडीलाही सापडायची. वसुधा नांदुरकीखालच्या स्टुलावर जाऊन बसली.

बसली आणि सगळं एकामागून एक यायला लागलं. घरी पेपर येत असताना काही सकाळी पेपर आणायला म्हणून बाहेर पडणारा रघुवीर. मागच्या पावसाळ्यात त्याच्या अंगठ्याला उठलेला काळसर फोड. शिक्क्याच्या शाईची ॲलर्जी, म्हणाला होता. तिनं आठ दिवस खोबरेल लावलं होतं. शाईनं कधी असा फोड येतो का? बिब्बा उतला होता त्याला, आणि गणिताची बाई शाईला शिव्या देत खोबरेल चोळत होती. त्याच्या डोळ्यांना कडेचं दिसत नाही. उजाडायच्या आत, ती उठायच्या आधी, बॉनेट वर करून, चाचपडत, हाताला लागेल त्याला तार पिळणारा रघुवीर तिला स्पष्ट दिसला, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात रागही आला. या माणसाच्या काळजीनं तिची नळी कापली होती, आणि ती तिकडं गादीखाली चेंडू दाबत बसली होती. तिनं तारा मोजल्या. बावीस. एकटीनं गाडी चालवायला लागल्यापासून अमावास्या झाल्या पंचवीस. तीन कुठं गेल्या? दोन पुण्यात, नातीच्या, आरोहीच्या बारशाला दोघं दोन महिने चिन्मयकडं होते तेव्हाच्या. एक त्याला डेंग्यू होऊन तो दवाखान्यात होता तेव्हाची. हिशेब चोख जुळला. जुळल्यावर मग तिच्या लक्षात आलं की गेल्या श्रावणात त्यांचा अबोला होता, चांगला पंचवीस दिवसांचा, कशावरून ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या महिन्याची वजाबाकी कुठं होत नव्हती. म्हणजे त्या महिन्यातही. तिच्याशी एक शब्द न बोलता, चहाचा कप स्वतः विसळत, त्यानं तीही अमावास्या चुकवली नव्हती. वसुधाला त्याच्यावर इतकी माया लग्नाच्या वर्षीसुद्धा आली नव्हती. आणि मंगळवारचं ते बरं तिला आता वेगळं ऐकू आलं. सुटल्याचा श्वास होता तो. दोन वर्षं महिन्यातले दोन रविवार घाटाकडं कान लावून बसलेल्या माणसाला कुणीतरी म्हणालं होतं, उद्यापासून बसू नका. जाणारी ती होती. घाट, हायवे, स्तवनिधीचं झाड, सगळी मजा जाणाऱ्या रस्त्यावर होती. ती परत येईपर्यंत घरात काय होत असतं याचा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

नळी कोल्हापूरहून यायची होती. "शनवारी या," भरमा म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी वसुधानं गिऱ्हाईकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं आणि आत येऊन रघुवीरला म्हणाली, "विकत नाही मी गाडी. हात बरे झाले माझे." त्यानं कागदातून मान वर केली. या वेळी बरं यायला वेळ लागला, वाटेत त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, सहज विचारल्यासारखं, "गॅरेजमधून कधी येणार?" शनिवारी, ती म्हणाली. शुक्रवारी सकाळी त्यानं विचारलं, शनिवारी नक्की ना? दुपारी कोर्टातून फोन करून विचारलं, गाडी झाली का? वसुधा कालनिर्णयासमोर उभी होती. रविवारच्या चौकोनात काळा गोल होता. तिनं पदर तोंडाला लावला. दोन दिवस तिला असं गुपित पोटात घेऊन हिंडायला फार मजा आली. नागेंद्रला तिनं पायरीवर बसवून कुंदा खायला घातला आणि माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "जास्वंदीचंसुदीक न्हवतं म्हणा की मग."

शनिवारी भरमानं नवी नळी बसवली, येणाऱ्या नळीच्याही दोन्ही क्लिपा बदलल्या. "जुनी क्लिप नव्या कामाला न्हाय लावायची," म्हणाला. गाडीवर लिहिलेलं तेच तेल डबीत भरलं. "बिरेकचं त्याल चालतंय म्हणून कोण सांगितलं तर ऐकू नका. रबर फुगून बसतंय." मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि तिला आत बसवलं. इंजिन बंद. "आता ह्या टोकापासनं त्या टोकापतर, सावकाश. आतला वारा निघाला पायजे." तिनं फिरवायला सुरुवात केली. चाकं अधांतरी होती, खाली जमीन नव्हती, ती डावीकडं जाई आणि उजवीकडं येई, आणि भरमा डबीवर वाकून सांगत होता, बुडबुडं येत्यात, येऊ द्या, अजून फिरवा. तेल घातलं, परत फिरवलं. मग इंजिन चालू झालं आणि स्टिअरिंग तिच्या हातात एकदम हलकं झालं, लहानपणी निपाणीच्या घरातल्या मोठ्या पाळण्याला एका बोटानं झोका द्यायचा तसं. घूं नाही, कळ नाही. तिनं दोन बोटांनी फिरवलं. मग एका बोटानं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी चाकं वर करून बसलेली एक बाई एकटीच हसताना पाहिली असेल, पाहिली तर पाहिली. "एक ध्यानात ठेवा, बाई," भरमा म्हणाला, "टोकाला न्हेऊन धरून बसायचं न्हाय. टोकाला पोचलं की जरा सोडायचं. ताणून धरलं की दाब नळीवर येतोय." ती म्हणाली, हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. त्याला कळलं नाही, पण तो हसला. निघताना तिनं त्याच्याकडून आणखी एक काम करून घेतलं. बॉनेटच्या आत, पुढच्या पट्टीला, नळ्यांपासून वीतभर लांब, सळईचा एक छोटा आकडा.

रविवारी ती साडेपाचलाच जागी होती. शेजारची गादी हळूच हलली, दाराची कडी सावकाश निघाली, मग पोर्चमध्ये बॉनेट कुरकुरलं. वसुधा उठली, पदर खोचला, टॉर्च घेतला आणि अनवाणी बाहेर गेली. रघुवीर बॉनेटखाली वाकला होता, डाव्या हातात लिंबू-मिरची, उजवा हात अंधारात चाचपडत. तिनं टॉर्च लावला. तो दचकून सरळ झाला आणि त्याचं डोकं बॉनेटला लागलं.

"हे म्हणजे," तो म्हणाला. लिंबू मागं लपवायला गेला, जमलं नाही. "हे बघ, माझा यावर विश्वास आहे असं अजिबात नाही. मुद्दा एवढाच की, समजा, काही झालंच, तर माणसाला असं वाटायला नको की..."

"जरा डावीकडं," वसुधा म्हणाली. "आणखी. आकडा आहे बघा तिथं."

त्याचा हात आकड्यापाशी गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ तो आकडा बोटांनी बघत राहिला. "हा कधी बसवलास?"

"काल. नळीला तार घासते. नळी कापली होती तुमच्या तारांनी. बावीस निघाल्या."

"बावीस," तो म्हणाला. मग एकदम, "आणि तू माझ्या तारांनी... म्हणजे घाटात..." त्याचा चेहरा टॉर्चच्या उजेडात पांढरा पडला.

"घाटात काही नाही झालं. बेकरीसमोर झालं. एक जवान मला माताजी म्हणाला, तेवढंच नुकसान." ती पुढं झाली आणि तिनं त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. "बिब्ब्याला हात लावू नका, द्या इकडं. आणि तार नको. तुमची ती लाल फीत आणा."

त्यानं फीत आणली. त्यानंच गाठ मारली, वकिली गाठ, दोनदा तपासून. बॉनेट बंद झाल्यावर वसुधा म्हणाली, "मी निघते निपाणीला. आक्काला रात्रीच फोन केलाय. ती म्हणाली अमावास्येला गाडी बाहेर काढतीस? म्हटलं, लिंबू बांधलंय की."

रघुवीर पोर्चच्या खांबाला धरून उभा होता. उजाडायला लागलं होतं, नागेंद्रची सायकल कोपऱ्यावर दिसत होती. "मी बसलो नाही तुझ्या गाडीत," तो म्हणाला, "कारण मी बसलो असतो तर ओरडलो असतो. हळू, ब्रेक, ट्रक, असं. आणि तू घाबरली असतीस. म्हणून."

"मला वाटलं तुमचा विश्वास नाही."

"विश्वास," रघुवीर म्हणाला, आणि उलटतपासणीत हरलेल्या साक्षीदारासारखा हसला. "आज कोर्टाला सुट्टी आहे."

आत जाऊन तिनं त्याचा शर्ट इस्त्री करून दिला. आठ वाजता तो डाव्या सीटवर येऊन बसला, पट्टा लावला, वरची मूठ धरली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वसुधानं दोन बोटांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी फाटकातून रस्त्याला लागताना समोरून एक रिक्षा आली, चांगली लांब होती, आणि रघुवीरचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर करकचून दाबला गेला. तो काही बोलला नाही. त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता. वसुधानं तो पाय पाहिला, आणि गरज नसताना आपल्या पायाखालचा ब्रेक हलकेच दाबला.